पाठ कोणापुढे घ्यायचा?

योगशिक्षक व्हायचे ठरवलेली माणसे अभ्यासक्रमाची चौकशी करतात तेव्हा त्यांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. प्रमाणपत्र कोणाचे मिळेल, ते किती तासांचे आहे, फी किती, राहण्याची सोय आहे का, परदेशात चालेल का. यातला एकही प्रश्न गैर नाही. पैसा आपला जाणार असतो, रजा आपली जाणार असते, तेव्हा माणूस विचारणारच. पण योगवर्ग घेणे, नव्या शिक्षकांना वर्गात सोबत उभे करणे आणि त्यांचे पाठ मागे बसून पाहणे या कामातून माझे एक मत पक्के होत गेले आहे. या सगळ्यांच्या आधी विचारायचा एक प्रश्न आहे, आणि चौकशीच्या यादीत तो सहसा नसतो. हा अभ्यासक्रम चालू असताना मी नेमके कोणाला शिकवणार, आणि मी शिकवत असताना मागे बसून कोण पाहणार? याचे उत्तर समाधानकारक असेल तर बाकीच्या उणिवा चालवून घेता येतात. ते उत्तर मिळत नसेल तर संस्थेचे नाव, निसर्गरम्य जागा आणि जाडजूड पाठ्यपुस्तिका यांनी ती उणीव भरून निघत नाही.

आज सगळीकडे दिसणारा २०० तासांचा साचा कुठून आला ते पाहिले की हा प्रश्न मागे का पडला हे समजते. स्वामी विष्णुदेवानंदांनी १९६९मध्ये शिवानंद परंपरेचा महिनाभराचा निवासी शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम सुरू केला. पुढे १९९९मध्ये अमेरिकेत योगा अलायन्स ही संस्था उभी राहिली आणि तिने २०० व ५०० तासांची मानके ठरवली. तिच्या ज्या आराखड्यावर अनेक वर्षे जगभरच्या शाळा चालल्या, त्यात २०० पैकी १०० तास आसन-प्राणायामादी तंत्रांना होते आणि प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला १०. त्या दहांतही स्वतः शिकवणे, दुसऱ्याचा पाठ पाहणे, मदतनीस म्हणून उभे राहणे, सूचना ऐकून घेणे हे सारे आले. पुढे आराखडा बदलला, तरी त्या साच्यात घडलेल्या शाळांची घडण फारशी बदलली नाही. हृषीकेशला किंवा हिवाळ्याच्या हंगामात गोव्याच्या मांद्रे-हरमलच्या किनाऱ्यावर चार आठवड्यांत २०० तास पूर्ण करायचे, तर रविवार सोडून रोज आठ तासांहून अधिक भरतात. पहाटेची शुद्धिक्रिया, दोन वेळची आसने, तत्त्वज्ञान, शरीररचना, मंत्रपठण एवढे झाल्यावर शिकवण्याच्या सरावाला शेवटचे काही दिवस उरतात. शेवटच्या दहा दिवसांत रोज दीड तास दिला असे धरले तरी पंधरा तास होतात. बॅच तीस जणांची असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तास येतो. शिक्षक म्हणून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाने एकट्याने अर्धा तास शिकवलेले असते. बॅच दहाची असती तर हाच वाटा दीड तासाचा झाला असता. म्हणून बॅच किती जणांची हा आकडा मला फीच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

त्यापेक्षाही मोठी अडचण वेगळी आहे. तो अर्धा तास शिकवायचा कोणाला, तर बरोबरच्या प्रशिक्षणार्थींना. ते बहुतेक तरुण असतात, निरोगी असतात, महिनाभर तीच आसने करून त्यांची शरीरे मोकळी झालेली असतात आणि पुढची सूचना काय येणार हे त्यांना पाठ असते. शिक्षकाच्या तोंडून अर्धवट वाक्य निघाले तरी समोरचे तीस जण अचूक त्रिकोणासनात उभे राहतात. आपण उत्तम शिकवले असे शिकवणाऱ्याला वाटते, आणि हा समज अगदी प्रामाणिक असतो. मग तोच शिक्षक गावी परततो आणि सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सहाचा वर्ग सुरू करतो. तिथे समोर कोण असते? गुडघे दुखणारी, जमिनीवर बसायला भिंतीचा आधार घेणारी काकू. रक्तदाबाची गोळी घेऊन आलेले निवृत्त गृहस्थ. इन्शुलिन घेणारे आणि ‘योग उपाशीपोटी करायचा’ हे कुठेतरी ऐकून काहीही न खाता आलेले दुसरे कोणी. मानेचा स्पाँडिलोसिस असलेली, दिवसभर संगणकापुढे बसणारी तिशीतली मुलगी. काचबिंदू असलेला साधक बहुधा तसे सांगतही नाही, कारण डोळ्याचा योगाशी काय संबंध असे त्याला वाटते. शीर्षासनासारख्या उलट्या आसनांत डोळ्यातला दाब वाढतो हे शिक्षकाला माहीत असायला हवे आणि ते त्याने आधीच विचारायला हवे. हाडे ठिसूळ झालेल्या बाईला पाठीची कमान करून खोल पुढे वाकवणे धोक्याचे असते. ही माहिती शरीररचनेच्या तासाला दिलेली असते, नाही असे नाही. पण वहीत लिहिलेले निषेध आणि वीस माणसांच्या वर्गात, पुढची सूचना तोंडात असताना, तिसऱ्या रांगेतल्या बाईचा श्वास अडकलेला दिसणे यांत फार अंतर आहे. ते अंतर खऱ्या साधकांपुढे उभे राहूनच कापले जाते.

नव्या शिक्षकांचे पाठ पाहताना एक सवय इतक्या नेमाने आढळते की तिला मी व्यक्तीचा दोष मानत नाही, प्रशिक्षणाचा मानतो. शिक्षक पूर्ण तासभर सगळी आसने स्वतः करत राहतो. भुजंगासनात तो स्वतःच पालथा पडलेला असतो, तेव्हा समोरच्यांची कंबर दबते आहे की खांदे कानाशी गेले आहेत हे त्याला दिसण्याची सोयच नसते. त्याचे सूचना देणे म्हणजे आपल्या शरीरात काय चालले आहे त्याचे वर्णन असते. समोरच्याला काय हवे ते त्यात नसते. ही सवय त्याला कोणी सांगितली नाही म्हणून टिकते. मागे एखादी अनुभवी शिक्षिका वही घेऊन बसली असती आणि पाठ संपल्यावर तिने विचारले असते, ‘खिडकीजवळच्या माणसाने तीनदा हात खाली ठेवला, पाहिलात का?’ तर दोन-तीन पाठांतच ती सवय सुटली असती. आपल्याकडच्या डी.एड.च्या अभ्यासक्रमाने हे फार पूर्वीच ओळखले होते. पाठ टाचण काढायचे, ते तपासून घ्यायचे, खऱ्या शाळेतल्या खऱ्या मुलांपुढे सरावपाठ घ्यायचा, मागे बसलेल्या अध्यापकाचा शेरा घ्यायचा, मग छात्रसेवाकालात सलग शिकवायचे. त्या व्यवस्थेत पुढे यांत्रिकपणा आला हे मान्य केले तरी तिच्या मुळाशी असलेली समजूत पक्की आहे: विषय येणे ही एक गोष्ट आणि तो दुसऱ्याला देता येणे ही दुसरी, आणि ही दुसरी गोष्ट कोणाच्या तरी नजरेखाली शिकावी लागते. तिसरीच्या मुलाला बेरीज शिकवायला आपण एवढी काळजी घेतो. मग साठीच्या माणसाची मान वळवायला लावणाऱ्याकडून त्याहून कमी तयारीची अपेक्षा का ठेवायची?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो वजनदार आहे. बी. के. एस. अय्यंगारांना त्यांचे गुरू कृष्णम्माचार्य यांनी १९३७मध्ये पुण्याला पाठवले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. डेक्कन जिमखान्यावर त्यांना शिकवायचे होते, मराठी येत नव्हती, समोरचे विद्यार्थी त्यांच्याहून धट्टेकट्टे होते आणि मागे बसून पाहणारे कोणी नव्हते. तरी त्यातून जगातला एक श्रेष्ठ योगशिक्षक घडला. मग सरावपाठ आणि निरीक्षण हवे कशाला? मला वाटते हे उदाहरण नीट पाहिले तर ते माझ्याच बाजूने बोलते. अय्यंगार शिकवता शिकवता शिकले हे खरे, पण त्यासाठी त्यांनी रोज तासन् तास स्वतःच्या शरीरावर जे कष्ट घेतले ते शंभरातल्या एकाला पेलतील की नाही शंका आहे, आणि ते कष्ट महिन्याभराचे नव्हते, आयुष्यभराचे होते. महत्त्वाचे म्हणजे आपण ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने सर्वांनी जावे असे त्यांनी धरले नाही. १९७५मध्ये पुण्यात रमामणी अय्यंगार संस्था सुरू झाली. तिथल्या वैद्यकीय वर्गात आजारी साधकांभोवती अनेक शिक्षक हाताशी असतात आणि नवखा जुन्याच्या शेजारी उभा राहून शिकतो. त्यांच्या पद्धतीत शिक्षक म्हणून मूल्यमापनाला बसण्याआधी प्रमाणित शिक्षकाकडे काही वर्षांचा सलग अभ्यास लागतो, आणि परीक्षेत स्वतःची आसने दाखवण्याबरोबर शिकवूनही दाखवावे लागते. स्वतः एकट्याने शिकलेल्या माणसाने पुढच्यांसाठी जी व्यवस्था उभी केली ती सोबत आणि निरीक्षण यांवर उभी आहे. यातून घ्यायचा तो अर्थ घ्यावा.

दुसरा आक्षेप परंपरेच्या अंगाने येतो. योग ही साधना आहे. तिला टाचणे आणि शेरे लावून शाळामास्तरी करू नका, ज्याची साधना खरी त्याचे शिकवणे आपोआप खरे होते, असे म्हणणारी माणसे मला आदरणीय वाटतात. त्यांच्या म्हणण्यातला पहिला अर्धा भाग मी पूर्ण मानतो आणि अभ्यासक्रमाच्या तयारीबद्दल मला जे सांगायचे ते तिथेच येते. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी दीर्घ काळ, खंड न पडणे आणि आदर अशा अटी घातल्या आहेत. हठप्रदीपिकेने प्राणायामात घाई करणाऱ्याला स्पष्ट इशारा दिला आहे. तेव्हा ज्याचा स्वतःचा रोजचा अभ्यास निदान दोनेक वर्षे चाललेला नाही त्याने शिक्षक-प्रशिक्षणाला जाऊच नये असे माझे मत आहे. तिथल्या आठ तासांच्या दिवसात अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्याचे शरीर बंड करते. मांडीच्या मागचे स्नायू बसण्याच्या हाडाशी जिथे जोडलेले असतात तिथले दुखणे अशाच घाईतून येते आणि महिनोन् महिने रेंगाळते. तयारी म्हणजे रोज ठरल्या वेळी बसणे, तासभर मांडी घालून ऐकता येणे, रात्रीचे जेवण लवकर करण्याची सवय, आपल्या जुन्या दुखापतींची आणि औषधांची डॉक्टरांशी बोलून केलेली नोंद, आसनांची नावे स्पष्ट उच्चारता येणे, आणि मोठ्या खोलीत न ओरडता मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याचा सराव. हे शेवटचे फार जण विसरतात. पण साधना खरी असली की शिकवणे आपोआप येते, हा दुसरा अर्धा भाग अनुभवाला उतरत नाही. अत्यंत प्रामाणिक, वर्षानुवर्षे साधना केलेली माणसे वर्गापुढे उभी राहिली की समोरच्याला तीस सेकंदांत थकवतात, कारण स्वतःला जे सहज झाले ते दुसऱ्याला का होत नाही हे त्यांना उमगत नाही. परंपरेकडे पाहिले तरी शिष्य गुरूच्या जवळ वर्षानुवर्षे राहायचा. गुरूची नजर त्याच्यावर असायची. निरीक्षण ही परंपरेत बाहेरून आणलेली वस्तू नाही. महिनाभराच्या अभ्यासक्रमातून ती गळून पडली आहे एवढेच.

महाराष्ट्रात तर यासाठी दूर पाहायचीही गरज नाही. परमहंस माधवदासजींच्या दोन शिष्यांनी इथे संस्था उभ्या केल्या. योगेंद्रजींनी १९१८मध्ये वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट सुरू केली, जी आज सांताक्रूझला आहे, आणि गृहस्थाश्रमी माणसाला योग द्यायचा हे धोरण ठरवले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे क्ष-किरण व दाबमापन यांनी तपासायला घेतले, त्याचे निष्कर्ष ‘योगमीमांसा’ नियतकालिकात छापले. दाव्याला पडताळणी हवी ही दृष्टी आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहे. शिक्षकाच्या पाठालाही तीच लावायची. ठाण्याची अंबिका योग कुटीर, घंटाळी मित्र मंडळ, नागपूरचे जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ यांसारख्या संस्थांत साधकांतूनच शिक्षक घडवण्याची रीत चालत आली. आधी साधक म्हणून वर्ग, मग मदतनीस म्हणून रांगांमधून फिरणे, मग थोडा भाग स्वतः घेणे. या रीतीला चकचकीत माहितीपत्रक नसते. पण ‘कोणापुढे पाठ घेतला’ याचे उत्तर तिच्याकडे तयार असते: रोज येणाऱ्या सर्व वयांच्या, सर्व तक्रारींच्या माणसांपुढे.

प्रमाणपत्राचे काय, हा व्यवहाराचा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. आपल्याकडे योगवर्ग चालवायला परवाना लागत नाही, पण शाळा, कंपन्या, रुग्णालये, जिम कागद मागतात. आयुष मंत्रालयाच्या योगा सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षा पायऱ्यापायऱ्यांच्या आहेत. प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, वेलनेस इन्स्ट्रक्टर, पुढे शिक्षक व परीक्षक, आणि उपचाराच्या अंगाने वेगळी शाखा. त्यांत लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही असते. परदेशी जायचे असेल तर तिथले स्टुडिओ अनेकदा योगा अलायन्सची नोंदणी विचारतात. ती नोंदणी आहे, प्रत्येक शिक्षकाची त्या संस्थेने घेतलेली परीक्षा नव्हे, हे ध्यानात ठेवून ती घ्यावी. माझे म्हणणे एवढेच की कागदाची गरज आणि शिकण्याची गरज या दोन स्वतंत्र गरजा आहेत, आणि एकच अभ्यासक्रम दोन्ही भागवेल असे गृहीत धरू नये. भागवत असेल तर उत्तम. नसेल तर कागद जिथे मिळतो तिथून घ्यावा आणि शिकणे जिथे होते तिथे जाऊन करावे.

वेळेचा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो. नोकरी सोडता येत नाही, घरी लहान मूल आहे, सासू-सासऱ्यांचे दुखणे आहे. अशा बाईला वर्षभर कुणाच्या वर्गात मदतनीस म्हणून उभी राहा असे सांगणे सोपे आहे आणि करणे अवघड. तिला महिनाभराची सलग सुट्टी मिळते किंवा काहीच मिळत नाही. कोविडनंतर ऑनलाइन प्रशिक्षण टिकून राहिले ते अशाच गरजेपोटी, आणि त्यात तत्त्वज्ञान, शरीररचना, ग्रंथवाचन चांगले होते हे मी नाकारत नाही. पडद्यावर होत नाही ते शिकवणे. चौकटीत समोरच्याचे पाय दिसत नाहीत, श्वास ऐकू येत नाही, हाताने आधार देता येत नाही. म्हणून घरच्या जबाबदाऱ्या असलेल्यांना मी शनिवार-रविवारचा, सहा महिने ते वर्षभर चालणारा स्थानिक अभ्यासक्रम सुचवतो, मग त्याचे नाव कमी मोठे असले तरी चालेल. त्याचा एक फायदा सहज दिसत नाही: मधले पाच दिवस. शनिवारी जे शिकलो ते आठवड्यात आपल्या शरीरावर, घरच्यांवर, शेजारच्या दोघींवर करून पाहता येते आणि पुढच्या शनिवारी अडचणी घेऊन परत जाता येते. सलग महिन्यात ही उसंत नसते.

संस्थेकडे चौकशी करताना काय पाहावे हे आता उघड आहे, तरी काही गोष्टी सांगतो. माहितीपत्रकावर ज्यांचे छायाचित्र आहे तेच शिकवणार की त्यांचे उद्घाटनाचे भाषण तेवढे, हे नाव घेऊन विचारावे. वेळापत्रक मागून घ्यावे आणि त्यात शिकवण्याच्या सरावाचे तास मोजावेत. वेळापत्रक द्यायला टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच आहे. त्या संस्थेचा सर्वसामान्यांसाठी वर्ग चालतो का, ते पाहावे. चालत असेल तर एक सकाळ तिथे साधक म्हणून जावे आणि शिक्षक आधी आजार विचारतो का, वर्ग चालू असताना तो कुठे उभा असतो, न जमणाऱ्याला काय पर्याय देतो याकडे लक्ष द्यावे. असा वर्गच चालत नसेल तर प्रशिक्षणार्थी पाठ एकमेकांपुढेच घेणार हे गृहीत धरावे. तिथून शिकून गेलेल्यांना ‘अनुभव कसा होता’ असे विचारू नये. सगळे छान होता म्हणतात, आणि महिनाभर चांगल्या सोबतीत पहाटे उठून काढलेले दिवस छान असतातच. त्यांना विचारावे की तुम्ही एकूण किती पाठ घेतलेत, समोर कोण होते, आणि तुमच्या पाठावर मिळालेला एखादा शेरा तुम्हाला आठवतो का. ज्याला शेरा आठवतो त्याला कोणीतरी नीट पाहिले होते.

शिकवायचेच नाही, स्वतःचा अभ्यास खोल करायचा आहे, असे म्हणत अनेक जण या अभ्यासक्रमांत येतात. त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी साधकांसाठीची शिबिरे, क्रियांचे वर्ग, ग्रंथाभ्यास यांकडे जावे. तिथे त्यांना हवे ते अधिक मिळेल, आणि ज्यांना उद्या वर्गापुढे उभे राहायचे आहे त्यांच्या वाट्याची सरावाची मिनिटे वाचतील. ज्यांनी लहान अभ्यासक्रम आधीच केला आहे, प्रमाणपत्र हातात आहे आणि हे सारे वाचून धास्ती वाटते आहे, त्यांचेही काही बिघडलेले नाही. जवळच्या एखाद्या जुन्या शिक्षकाकडे जाऊन ‘मला तुमच्या वर्गात मागे उभे राहू द्या’ असे म्हणता येते, आणि असे विचारणाऱ्याला परत पाठवणारे शिक्षक थोडे असतात. काही महिने चटया मांडाव्यात, उशा-पट्टे द्यावेत, कोणाचा गुडघा कुठे अडतो ते पाहावे, मग शवासनाच्या सूचना आपण द्याव्यात, मग सूक्ष्म व्यायाम, मग एखादा पूर्ण तास, आणि प्रत्येक वेळी नंतर पाच मिनिटे थांबून त्यांना काय दिसले ते विचारावे. तोवर गर्भवतींचा, पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरचा किंवा हृदयरोग्यांचा वर्ग कोणी कितीही आग्रह केला तरी एकट्याने घेऊ नये.